हायब्रिड गाडी घेताना ॲव्हरेज कसं तोलायचं: बेळगाव, निपाणी, खानापूरकडच्या नव्या गिऱ्हाइकांसाठी

आपल्याकडे नवी गाडी दारात आली की पेढा तोंडात टाकायच्या आधी शेजारी विचारतो, "किती देते?" पूर्वी एक आकडा सांगून मोकळं होता यायचं. हायब्रिडच्या बाबतीत त्या प्रश्नाचं खरं उत्तर म्हणजे उलटा प्रश्न: कुठं? टिळकवाडीतलं रेल्वे गेट पडलंय तिथं, की वंटमुरीच्या चढाला, की संकेश्वरपुढं ११० च्या वेगानं? एकच गाडी, एकच ड्रायव्हर, तरी तीन ठिकाणी तीन आकडे. त्यामुळे दोन गाड्यांचे छापील आकडे शेजारी ठेवून मोठा आकडा निवडायचा, ही पद्धत इथे चालत नाही. पहिली हायब्रिड घ्यायला निघालेल्यांनी कुठल्या क्रमानं काय बघावं, ते सांगतो.

आधी नावातली गल्लत सोडवा

शोरूममध्ये "हायब्रिड" हा शब्द फार सैल वापरतात. माइल्ड हायब्रिडमध्ये छोटी मोटर पट्ट्यानं इंजिनला जोडलेली असते. सिग्नलला इंजिन बंद करते, पुन्हा अलगद चालू करते, पिकअप घेताना थोडा हात देते. पण ती एकटी गाडी ओढत नाही. स्ट्रॉंग हायब्रिडमध्ये मोटर आणि बॅटरी एवढी असते की इंजिन बंद ठेवून गाडी चालते. रांगेत, गल्लीबोळात, हलक्या उतारावर ती बराच वेळ नुसत्या विजेवर असते. ब्रेक दाबला की जी ताकद एरवी ब्रेकपॅड तापवण्यात जाते, त्यातली काही बॅटरीत परत येते. चार्जिंगची वायर दोन्हींना लावावी लागत नाही.

फरक किती पडतो? मारुती ग्रँड विटाराचंच बघा. माइल्ड हायब्रिड मॅन्युअलला कंपनीचा आकडा लिटरला २१.११ किलोमीटर, स्ट्रॉंग हायब्रिडला २७.९७. दोन्ही गाड्यांच्या गप्पांत "हायब्रिड" येतंच. म्हणून कोटेशन हातात घेतल्यावर पहिलं वाक्य हे बोला: "ही नुसत्या बॅटरीवर चालते का?" समोरचा "म्हणजे तसं बघायला गेलं तर..." अशी सुरुवात करायला लागला, की ती माइल्ड आहे असं समजा.

छापील आकडा कुठून येतो

पुण्यात एआरएआयची टेकडी फिरायला जाणाऱ्यांना चांगली माहीत आहे. टेकडीला जिचं नाव पडलं ती संस्था, म्हणजे ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया, गाड्या तपासून हे आकडे प्रमाणित करते. गाडी रस्त्यावर नेत नाहीत, रोलरवर उभी करतात आणि ठरलेल्या तक्त्याप्रमाणे वेग कमीजास्त करत चालवतात. भारतीय तक्त्यात वेग ताशी ९० च्या वर जात नाही. खड्डा नाही, घाट नाही, समोरून उसाची ट्रॉली नाही, मागच्या सीटवर सासूबाई आणि डिकीत बटाट्याचं पोतं नाही. थांबत-चालत जाण्याचा भाग मात्र भरपूर असतो, आणि स्ट्रॉंग हायब्रिडला तोच मानवतो. साहजिकच तिचा छापील आकडा झकास येतो.

आकडा खोटा नाही, सगळ्यांना एकाच मापानं मोजलेलं असतं. एकाच जातीच्या दोन गाड्या तोलायला तो ठीक आहे. घरखर्चाच्या वहीत लिहायला नाही. मी पहिल्यांदा चौकशीला गेलो तेव्हा तिथला पोरगा म्हणाला, "सर, अठ्ठावीस धरूनच चाला." मी धरून चाललो असतो तर घरी बजेट मांडताना तोंडावर पडलो असतो.

ही एक गंमतही ध्यानात ठेवा. टोयोटा हायरायडर आणि ग्रँड विटारा यांच्या स्ट्रॉंग हायब्रिडची यंत्रणा एकच, आकडाही एकच, २७.९७. इनोव्हा हायक्रॉस हायब्रिड आणि मारुती इन्व्हिक्टो यांचंही तसंच, दोन्हींचा २३.२४. अशा जोड्यांमध्ये ॲव्हरेजवर वाद घालणं म्हणजे एकाच कढईतल्या कुंद्याचे दोन डबे चाखून बघणं. तिथं किंमत, सर्व्हिस सेंटर किती लांब आणि गाडी मिळायला किती दिवस, एवढंच बघा.

किलोमीटर नाही, लिटर मोजा

आपण "लिटरला किती किलोमीटर" म्हणतो त्यात एक फसगत दडलेली आहे. १२ देणारी गाडी सोडून १६ देणारी घेतली तर फरक चारचा. २० वाली सोडून २८ वाली घेतली तर फरक आठचा. दुसऱ्यात फायदा जास्त वाटतो ना? आता १००० किलोमीटरचं पेट्रोल काढा. १२ वाली ८३.३ लिटर पिते, १६ वाली ६२.५. वाचले २०.८ लिटर. २० वाली ५० लिटर, २८ वाली ३५.७. वाचले १४.३. आकडा दुप्पट उडाला, पण बचत कमी.

वर जाल तसा आकड्यातला फरक पोकळ होत जातो. मारुती व्हिक्टोरिसच्या स्ट्रॉंग हायब्रिडचा आकडा २८.६५ आहे. २७.९७ पेक्षा जास्त म्हणून मित्रमंडळी त्यावर तावातावानं बोलतात. हजार किलोमीटरला हिशेब केला तर फरक येतो पाऊण-एक लिटरचा, म्हणजे शंभर रुपयेसुद्धा नाहीत. तेवढ्यासाठी आवडती गाडी सोडू नका.

म्हणून वहीत प्रत्येक गाडीपुढे "१०० किलोमीटरला किती लिटर" असा रकाना करा. शंभरला ॲव्हरेजनं भागलं की झालं.

आपला महिना कागदावर उतरवा

सगळ्यात जास्त वेळ इथे घालवा. कंपनी कुठलीही असो, निकाल या कागदावर लागतो.

तीन रकाने करा: गाव, हायवे, घाट. गेल्या दोन महिन्यांत आपण कुठं कुठं गेलो ते आठवून किलोमीटर भरा. टिळकवाडीत राहणाऱ्या, शहरात नोकरी असलेल्या माणसाचं उदाहरण घेऊ. रोज १८ किलोमीटर, २५ दिवस, म्हणजे गावात ४५०. महिन्यात दोनदा कोल्हापूर, जाऊन-येऊन २२० प्रमाणे ४४०. चोर्ल्यानं गोव्याला तीन महिन्यांतून एकदा, तेव्हा महिन्याला घाटातले ८० धरू. एकूण ९७०.

आता प्रत्येक रकान्यासमोर त्या त्या ठिकाणचं ॲव्हरेज. खाली मी जे आकडे घेतोय ते हिशेब दाखवण्यापुरते समजा, तुमचे तुम्ही भरायचे. माइल्ड हायब्रिड ऑटोमॅटिक: गावात १२, हायवेला १७, घाटात १४. स्ट्रॉंग: गावात २२, हायवेला २०, घाटात १८. पेट्रोल १०३ रुपये धरू.

माइल्डला लागलं ३७.५ अधिक २५.९ अधिक ५.७, म्हणजे ६९ लिटर. स्ट्रॉंगला २०.५ अधिक २२ अधिक ४.४, म्हणजे ४७ च्या आसपास. महिन्याला २२ लिटर वाचले, साधारण २,२८५ रुपये. त्या २२ पैकी १७ लिटर नुसत्या गावातल्या ४५० किलोमीटरनी वाचवले. कोल्हापूरच्या दोन खेपांनी मिळून चारसुद्धा नाहीत.

हाच कागद निपाणीच्या व्यापाऱ्यासाठी भरू. गावात २००, हायवेला १६००. गाडी जवळजवळ दुप्पट पळते. तरी बचत २१.७ लिटर, म्हणजे टिळकवाडीवाल्याएवढीच! आणि ज्याचं काम दिवसभर बेळगाव शहरातच आहे, औषधांच्या दुकानांत फिरणारा एमआर म्हणा, महिन्याला १५०० किलोमीटर सगळे खडेबाजार, शहापूर, अनगोळ, वडगाव असे, त्याचे तब्बल ५७ लिटर वाचतात. गाड्या त्याच, पेट्रोलचा दर तोच.

हायवे आणि घाट

हायवेला हायब्रिडचा जोर का ओसरतो? तिथं ब्रेक कमी लागतो, तेव्हा परत मिळवायला काही नसतं, आणि गाडी बहुतेक इंजिनवरच चालते. त्यात वाऱ्याचा रेटा वेगाच्या वर्गानं वाढतो. ताशी ८० ऐवजी १०० नं गेलात तर हवेचा अडथळा दीडपटीच्या वर. बेळगाव ते निपाणी शंभराच्या वर काटा ठेवणाऱ्याला छापील आकडा दिसणं कठीण आहे. महिन्याचे तीन चतुर्थांश किलोमीटर हायवेचे असतील, तर डिझेल गाडीचीही एक टेस्ट ड्राइव्ह घ्या, असंच मी सांगेन. सीएनजीचा विचार असेल तर आपल्या नेहमीच्या वाटेवर पंप कुठं कुठं आहेत, ते आधी बघून या.

घाटाबद्दल लोकांचा गैरसमज मोठा. "उतारावर बॅटरी भरते, मग घाटात तर मज्जाच!" भरते, पण किती? कणकुंबीकडून चोर्ला उतरून गोव्यातल्या केरीकडे निघालात. गाडी आणि चार माणसं मिळून १,६०० किलो, उंचीतला फरक ५०० मीटर धरला, तर उतरताना जी ऊर्जा मोकळी होते ती विजेच्या दोन युनिटांहून जास्त. ग्रँड विटारा-हायरायडरची हायब्रिड बॅटरी आहे जेमतेम पाऊण युनिटाची, तीही पूर्ण रिकामी किंवा पूर्ण भरलेली कधी ठेवत नाहीत. वारा आणि टायर आपला वाटा आधीच खातात हे खरं, तरी लांब उतारावर बॅटरी वाटेतच भरते. मग गाडी इंजिनचा आवाज चढवून वेग आवरायला लागते. पहिल्यांदा ऐकणारा घाबरतो, गाडीला काही झालं म्हणून. काही झालेलं नसतं. गिअरच्या दांड्यावर "बी" असेल तर उतारावर तो टाका, ब्रेक तापत नाहीत.

चढताना मात्र पेट्रोल लागतंच. परतीचा चोर्ला, आंबोली किंवा अनमोड चढताना स्क्रीनवरचा आकडा १० च्या खाली गेला तर धक्का बसू देऊ नका. घाटाचं ॲव्हरेज नेहमी जाणं-येणं मिळून काढायचं. नुसतं उतरतानाचं काढून ग्रुपवर टाकणारे असतात, त्यांना शुभेच्छा द्या आणि पुढे चला.

पावसाचंही लक्षात घ्या. जांबोटी-कणकुंबी पट्ट्यात जून ते सप्टेंबर काय पाऊस असतो ते सांगायला नको. काचेवरचं धुकं घालवायला एसी सतत चालू, रस्त्यावर पाणी, वेग तुटक. आकडा उतरतो. डिसेंबरच्या थंड सकाळी दोन किलोमीटरवर दूध आणायला गेलात तरी उतरतो, कारण इंजिन गरम होईपर्यंत ते चालूच राहतं. ज्यांच्या सगळ्या फेऱ्या दीड-दोन किलोमीटरच्या आहेत, त्यांनी गावातला २२ चा आकडा १७-१८ वर आणून हिशेब करावा.

आणि पेट्रोलमध्ये आता २० टक्के इथेनॉल असतं. आपल्याच भागातला ऊस कारखान्यात जातो आणि त्याचा काही अंश फिरून आपल्याच टाकीत येतो, याचं कौतुक आहे. पण इथेनॉलमध्ये लिटरमागे ऊर्जा पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश कमी असते. या मिश्रणासाठी जुळवलेल्या गाड्यांत घट एक-दोन टक्के आणि बाकीच्यांत तीन ते सहा टक्के, असं केंद्राच्या पेट्रोलियम मंत्रालयानं २०२५ मध्ये सांगितलं. तेव्हा पाच वर्षांपूर्वी गाडी घेतलेल्या काकांचा जुना आकडा आजच्या गाडीशी लावू नका.

टेस्ट ड्राइव्ह आपल्या रस्त्यावर घ्या

शोरूमवाले गाडी ठरलेल्या गुळगुळीत रस्त्यावर फिरवून आणतात. नको म्हणा. तासभर मागा. जमलं तर संध्याकाळी सहाला, गोगटे सर्कल ते चन्नम्मा सर्कल आणि गणपत गल्लीच्या तोंडापर्यंत. एसी चालू, घरची दोन माणसं बरोबर. निघताना ट्रिप मीटर शून्य करा. इंजिन बंद असताना डॅशबोर्डवर "ईव्ही" दिवा लागतो, तो किती वेळ दिसतो ते मागे बसलेल्या पोराला मोजायला सांगा. पोरं हे काम फार इमानदारीनं करतात.

रेल्वे गेट पडलं तर नशीब समजा. साध्या गाडीत एसी हवा असेल तर इंजिन धडधडत ठेवावं लागतं. स्ट्रॉंग हायब्रिडमध्ये एसी बॅटरीवर चालतो, गाडी मुकी उभी राहते. मालगाडी सावकाश निघून जाते, पुढचा रिक्षावाला हँडलवर मान टेकतो, आणि तुमचं इंजिन मध्येच मिनिटभर जागं होऊन बॅटरीत भर घालतं, परत झोपतं. ते किती वेळा जागं झालं ते बघा. हीच तुमच्या गावातल्या रकान्याची परीक्षा.

तेवढ्यानं ॲव्हरेज कळत नाही, अंदाज येतो. पक्कं कळायचं असेल तर त्याच मॉडेलची, दहा हजारांच्या वर पळालेली गाडी असलेला ओळखीतला माणूस शोधा. बेळगावात तीन माणसं सोडून चौथा कुणाचा तरी पाव्हणा असतोच. त्याला ॲव्हरेज विचारू नका, तो फुगवून सांगणार. महिन्याला पेट्रोलला किती पैसे जातात आणि गाडी किती पळते, एवढंच विचारा आणि भागाकार घरी करा.

किंमत आणि पासिंग

बचत कळली, आता ती कशाच्या बदल्यात ते बघा. स्ट्रॉंग हायब्रिड ऑटोमॅटिकच येते, तेव्हा तिची तुलना माइल्डच्या ऑटोमॅटिकशी करा. मॅन्युअलशी लावलीत तर फरक उगाच मोठा दिसतो. फीचर्सही शक्य तेवढी बरोबरीची घ्या.

एक्स-शोरूम फरकावर थांबू नका. कर्नाटकात १० ते २० लाखांच्या गाडीला आजीवन कर १७ टक्के, वर अधिभार वेगळा. म्हणजे दोन लाखांचा फरक असेल तर त्यावर नुसता कर ३४ हजार, शिवाय विम्यातली वाढ. ऑन रोड फरक २ लाख ४० हजारांच्या आसपास जातो. टिळकवाडीवाल्याचे महिन्याचे २,२८५ धरले तर ते फिटायला पावणेनऊ वर्षं. एमआरचे महिन्याला ५,८५० च्या घरात वाचतात, त्याचे साडेतीन वर्षांच्या आत वसूल. कर्जाचं व्याज धरलं तर दोघांचीही मुदत लांबेल.

इथं कुणीतरी हळूच सुचवतो, "कोल्हापुरात घेऊ या की, एमएच झीरो नऊ पासिंग, कर कमी बसतो." बसतो, पण मोटार वाहन कायद्याप्रमाणे दुसऱ्या राज्यात १२ महिन्यांहून जास्त गाडी ठेवली तर तिथली नोंदणी करावी लागते. पत्ता बेळगावचा असेल तर केए बावीसच घ्या आणि शांत झोपा. नातेवाइकांचा पत्ता लावून घेतलेल्या गाडीपायी चेकनाक्यावर कागद दाखवत उभं राहण्यात कसली बचत? पेट्रोलचा दर मात्र सीमेच्या दोन बाजूंना वेगळा असतो, कारण विक्रीकर ज्या त्या राज्याचा. कोल्हापूरला जाताना कोगनोळीच्या अलीकडे भरायचं की पलीकडे, ते त्या दिवशीचा दर बघून ठरवा.

डिकीही पाहून घ्या. बॅटरी जागा खाते. ग्रँड विटाराच्या माइल्डमध्ये ३७३ लिटर, स्ट्रॉंगमध्ये २६५. होंडा सिटीत तर ५०६ ची ३०६ होते. दर महिन्याला गावाकडून तांदूळ आणणाऱ्याला हे ॲव्हरेजइतकंच महत्त्वाचं. बॅटरीची वॉरंटी टोयोटा आणि मारुतीच्या स्ट्रॉंग हायब्रिडवर ८ वर्षं किंवा १ लाख ६० हजार किलोमीटर आहे. ती कोटेशनवर लिहून घ्या.

गाडी आल्यावर

स्क्रीनवरचा आकडा जरा गोड असतो, त्यावर विसंबू नका. टाकी ते टाकी मोजा. ठरलेला एक पंप, शक्यतो तीच मशीन. नोझल आपोआप बंद झाली की थांबा. पंपावरचा पोरगा राउंड फिगर करायला आणखी पिळतो, त्याला "राहू दे रे" म्हणा. ट्रिप मीटर शून्य करा. तीन-चारशे किलोमीटरनंतर तिथंच, तशीच भरा. समजा ४१२ किलोमीटर झाले आणि १९.६ लिटर बसलं, तर ॲव्हरेज २१. अशा निदान तीन टाक्या झाल्याशिवाय मत बनवू नका, आणि त्या तीनमध्ये एक गोवा ट्रिप असेल तर ती वेगळी लिहा. टायरची हवा पंधरा दिवसांनी तपासा, तीही गाडी थंड असताना.

एक शेवटची गोष्ट, जी डिलिव्हरीच्या गडबडीत, हार-नारळ चालू असताना, सांगायची राहून जाते. बऱ्याच स्ट्रॉंग हायब्रिडमध्ये मागच्या सीटपाशी एक जाळी असते, बॅटरी थंड ठेवणारी हवा तिथून आत जाते. डिलिव्हरी देणाऱ्याला ती बोटानं दाखवायला सांगा. तिच्यावर पिशव्या, चादर, चपलांचे जोड काही ठेवायचं नाही, आणि सर्व्हिसला गाडी दिली की तिथली धूळ साफ केली का, ते बिलावर सही करायच्या आधी विचारायचं.